फाइल वाचलीस की नुसती उलटलीस?

बस. दार लावून घे, फोन उपडा ठेव आणि मी बोलते ते मधे न तोडता ऐक.

राज्याची तपासणी तोंडावर आहे. काल दुपारी एक वाजता तुझ्यापुढे विशेष शिक्षणातल्या मुलांच्या 14 फाइल्स होत्या. साडेचारला तू माझ्या टेबलावर तक्ता आणून ठेवलास. सगळे रकाने हिरवे. वर म्हणालीस, "ताई, एकही त्रुटी नाही." साडेतीन तासांत 14 फाइल्स म्हणजे एका फाइलला 15 मिनिटं. त्यातली सगळ्यात बारीक फाइल 60 पानांची आहे. 15 मिनिटांत 60 पानं वाचून होतात? तारखा ताडून, सह्या बघून, चाचण्यांचे आकडे समजून घेऊन? नाही होत, आणि हे तुलाही माहीत आहे. तू फाइल वाचली नाहीस, उलटलीस. सही दिसली, खूण केलीस. तारीख दिसली, खूण केलीस. कागद आहे एवढंच पाहिलंस. कागद काय सांगतो ते विचारलंच नाहीस.

याला पाट्या टाकणं म्हणतात. दुसरा शब्द माझ्याकडे नाही.

संध्याकाळी सगळे गेल्यावर मी त्या गठ्ठ्यातली एकच फाइल पूर्ण वाचायला काढली. सातवी. दोन तास वाचली. घरी गेले, पण झोप लागली नाही. आता ती फाइल तुझ्यासमोर उघडते. प्रत्येक पानावर मला सांग, काल या पानावर तुझे डोळे कुठे होते?

मुलगा 9 जुलैला तीन वर्षांचा झाला. तोवर तो अर्ली इंटरव्हेन्शनकडे, म्हणजे तीनच्या आतल्या मुलांच्या कार्यक्रमाकडे होता. तिसऱ्या वाढदिवसाला अशा मुलाचा हात एका खात्याच्या हातातून सुटतो आणि शाळेच्या हातात यायला हवा. मधे एक दिवसाचीही फट पडता कामा नये. म्हणून कायदा सांगतो की हस्तांतराची बैठक वाढदिवसाच्या किमान 90 दिवस आधी व्हावी आणि वाढदिवसाला त्याचा आयईपी, म्हणजे त्याचा स्वतःचा शिक्षणाचा आराखडा, तयार असावा. हे तुला मी शिकवायचं? परीक्षेत विचारलं असतं तर कलमाच्या आकड्यासकट घडाघडा म्हटलं असतंस.

मग मोज. 9 जुलैच्या 90 दिवस आधी म्हणजे 10 एप्रिल. बैठक कधी झाली? 2 मे. 22 दिवस उशिरा. काय म्हणालीस? ती बैठक बोलावणं अर्ली इंटरव्हेन्शनचं काम? बरोबर. मग त्यांना उशीर झाला हे लिहून त्यांना कळवायचं काम कोणाचं? दरवर्षी त्याच ऑफिसकडून मुलं उशिरा येतात आणि दरवर्षी आपण "ते तसेच आहेत" म्हणून गप्प बसतो. ते तसेच राहतात, कारण आपण कधी कागदावर बोललोच नाही.

पुढे चल. आईची संमती 12 मेची. वाढदिवसाला अजून 58 दिवस होते. आयईपीची बैठक कधी? 8 सप्टेंबर. वाढदिवसानंतर 61 दिवसांनी. न्यू जर्सीत संमतीपासून 90 दिवसांत तपासणी, पात्रतेचा निर्णय, आयईपी आणि त्याची सुरुवात, सगळं व्हावं लागतं. कॅलेंडरचे 90 दिवस, शाळेचे नव्हेत. ती मुदत 10 ऑगस्टला संपली. म्हणजे एका फाइलमध्ये दोन मुदती मोडल्या. थेरपीच्या नोंदवहीतली पहिली नोंद तर 22 सप्टेंबरची आहे. वाढदिवसापासून 75 दिवस हे मूल कोणाचंच नव्हतं.

"मधे उन्हाळ्याची सुट्टी होती ना, ताई." हेच म्हणणार होतीस ना? मला माहीत होतं. नियमात सुट्टीचा विचार केलेला आहे, नीट वाच. वाढदिवस उन्हाळ्यात आला तर सेवा कोणत्या तारखेपासून द्यायची हे आयईपीची टीम ठरवू शकते. पण ते ठरवायला आयईपी तर हवा? कागद वाढदिवसाला तयारच पाहिजे. जूनमध्ये शाळा बंद व्हायच्या आत ही बैठक होऊ शकली असती. 58 दिवस हातात होते. कोणी बोलावली नाही, आणि सुट्टीवर ढकलली.

यापुढचं जास्त वाईट आहे. उशिराचं कारण लिहायच्या रकान्यात केस मॅनेजरने काय निवडलंय? "पालकांमुळे विलंब." तिने निवडलं आणि तू मान डोलावलीस. पालकांमुळे विलंब म्हणजे काय ते आठव. पालकांनी मुलाला वारंवार तपासणीला आणलंच नाही, किंवा आणायला नकार दिला. या आईने काय केलं? पान 31 काढ. 3 जूनची ईमेल. तीन ओळींची. बैठक कधी आहे ते कळवा, असं विचारलंय. खाली लिहिलंय की तो घरी मराठीत बोलतो, चाचणीच्या वेळी मी सोबत बसले तर चालेल का?

उत्तर कुठे आहे? शोध. मी तीनदा शोधलं. नाही.

विचारणारी आई. उत्तर न देणारे आपण. आणि सरकारी कागदावर उशिराचा दोष तिच्या नावावर. चोर सोडून संन्याशाला फाशी देताना तुझा हात कसा थरथरला नाही?

आता पान 23. स्पीच थेरपिस्टचा अहवाल. त्याच्या तळाशी सही आहे, तारीख आहे, परवान्याचा क्रमांक आहे. तू या तीन गोष्टी बघितल्यास आणि पान उलटलंस. मधला परिच्छेद वाच. मोठ्याने वाच.

"पक्ष्याच्या चित्राला नाव देता आलं नाही. निरर्थक ध्वनी: चिऊ."

"तळहात पुढे करून 'डे' हा शब्द संदर्भाशिवाय वापरतो."

"दाराकडे बोट दाखवून अर्थहीन ध्वनी काढतो: भुर्र."

थांब. शेवटचं वाक्य पुन्हा वाच.

भुर्र म्हणजे काय हे तुला कळत नाही? तुझा जन्म साताऱ्याचा. तुझ्या आजीने तुला कडेवर घेऊन "चल, भुर्र जाऊ" म्हटलं नाही? ज्या बाईने हा अहवाल लिहिला तिला मराठी येत नाही. तिने जे कानावर पडलं ते प्रामाणिकपणे इंग्रजी अक्षरांत उतरवून ठेवलं. तिचा दोष आहेच, दुभाष्या मागायला हवा होता. पण या अख्ख्या इमारतीत ते वाक्य वाचून खुर्चीतून उठेल अशी एकच व्यक्ती होती, आणि ती व्यक्ती त्या पानावर सही शोधत होती.

तीन वर्षांचं पोर अनोळखी खोलीत, अनोळखी बाईसमोर बसलंय. ते दाराकडे बोट करून सांगतंय, मला बाहेर ने. हात पुढे करून म्हणतंय, दे. चिमणीला चिऊ म्हणतंय. मागणं, नाव घेणं, मनातलं सांगणं, भाषेची ही तीन कामं ते करतंय. आणि आपल्या कागदावर त्याच्या बोलण्याला निरर्थक म्हटलंय. त्या गुणांवर पात्रता ठरली. त्या पात्रतेवर पूर्ण दिवसाचा वेगळा वर्ग ठरला. इतर मुलांबरोबर का ठेवलं नाही, याच्या कारणात जे वाक्य आहे ते मी या जिल्ह्याच्या निदान 40 फाइल्समध्ये वाचलंय, शब्दाला शब्द.

त्या मुलाला काहीच अडचण नाही असं मी म्हणत नाही. असेल. कदाचित मोठी असेल. पण किती आहे आणि कुठे आहे, हे या अहवालावरून कळायला मार्ग नाही. मुलाची तपासणी त्याच्या भाषेत करावी, ते अगदीच अशक्य असेल तरच सोडावं, असं कायदा म्हणतो. आणि मुलाची भाषा म्हणजे वडिलांनी ऑनलाइन फॉर्मवर निवडली ती नव्हे, मूल घरात रोज बोलतं ती. पान 4 बघ. अर्ली इंटरव्हेन्शनच्या कागदात स्वच्छ लिहिलंय: घरची भाषा मराठी, दिवसा आजी सांभाळते. पान 12 वर आपला फॉर्म म्हणतो: इंग्रजी. एकाच फाइलमध्ये, आठ पानांच्या अंतराने, दोन वेगवेगळ्या भाषा. फाइल तपासणं म्हणजे ही दोन पानं शेजारी ठेवणं. दुसरं काय असतं ग ते?

सॉफ्टवेअरने हिरवं दाखवलं म्हणतेस. दाखवणारच. रकाना भरलेला आहे की रिकामा, एवढंच त्याला कळतं. "इंग्रजी" हा शब्द भरलेला आहे, म्हणून हिरवं. "पालकांमुळे" भरलेलं आहे, म्हणून हिरवं. खोटं भरलंय की खरं, हे बघायला माणूस नेमलाय. तो माणूस तू आहेस. सॉफ्टवेअर जे करतं तेवढंच तू करणार असशील तर तुझी गरज काय?

तुला हे सगळं कारकुनी वाटतं. मला कळतं ते. मुलांबरोबर जमिनीवर बसून काम करायला आलीस आणि मी तुला कागदात बसवलं, म्हणून मनातून नाराज आहेस. मग हा कागद आला कुठून ते एकदा नीट समजून घे. 1975 साली अमेरिकेत अपंग मुलांच्या शिक्षणाचा हा कायदा झाला तेव्हा त्याच्या मजकुरातच लिहिलं गेलं की अपंग मुलं 80 लाखांहून जास्त आहेत, त्यातल्या निम्म्याहून जास्त मुलांना योग्य शिक्षण मिळत नाही आणि 10 लाख मुलं सार्वजनिक शाळेच्या पूर्ण बाहेर आहेत. ती मुलं बाहेर कशी राहिली? कोणी लेखी काही देतच नव्हतं. दारातच तोंडी सांगायचे, आमच्याकडे सोय नाही. आई मूल घेऊन परत जायची. हातात कागद नाही, म्हणजे दाद मागायला जागा नाही. पेनसिल्व्हेनियातल्या आणि वॉशिंग्टन शहरातल्या पालकांनी कोर्टात धाव घेतली, 1972 मध्ये निकाल लागले, तेव्हा कुठे लेखी सूचना, सुनावणी, संमती हे शब्द आले. तीन ते पाच वर्षांच्या मुलांना हा हक्क पक्का मिळायला आणि तीनच्या आतल्यांसाठी कार्यक्रम सुरू व्हायला 1986 उजाडलं.

तू ज्या रकान्यावर न वाचता खूण करतेस तो दारातून परतवलेल्या एका आईने मिळवलेला आहे. लेखी सूचनेत "इतर कोणते पर्याय विचारात घेतले" असा रकाना आहे. या 14 फाइल्सपैकी कितींमध्ये तिथे "लागू नाही" लिहिलंय, मोजलंस? तेवढं एक पान मी सगळ्या फाइल्सचं बघितलं. नऊ. नऊ मुलांबद्दल आपण लिहून दिलंय की आम्ही दुसरा काही विचार केलाच नाही. आणि तू त्याला हिरवं केलंस, कारण रकाना रिकामा नव्हता.

ते बघताना आणखी दोन फाइल्समध्ये नजर अडकली. अकरावी फाइल. तीन तिमाहींचे प्रगती अहवाल. तिन्हींत एकच वाक्य, "ध्येयाकडे समाधानकारक वाटचाल." तिसऱ्यात तर एका ठिकाणी मुलीला "तो" म्हटलंय. दुसऱ्या कोणाच्या तरी फाइलमधून उचलून चिकटवलेलं. यंदाचं ध्येय मागच्या वर्षीचंच, फक्त वर्ष बदललंय. कोलोरॅडोतल्या एन्ड्र्यू नावाच्या मुलाच्या आईवडिलांची हीच तक्रार होती, की वर्षामागून वर्ष तीच ध्येयं पुढे ओढली जातात आणि मूल आहे तिथेच आहे. ती तक्रार थेट सर्वोच्च न्यायालयात गेली आणि 22 मार्च 2017 ला न्यायालयाने एकमताने सांगितलं की मुलाची परिस्थिती बघता त्याची योग्य प्रगती होईल असा आराखडा हवा, नुसता नावाला चालणार नाही. हा निकाल तुझ्या मास्टर्सच्या अभ्यासक्रमात होता. त्यावर तू निबंध लिहिलास, मला दाखवायलाही आणलास. चांगला लिहिला होतास. मग तेच समोर आलं तेव्हा ओळखता का आलं नाही?

तिसऱ्या फाइलबद्दल एकच सांगते. ऐकण्याच्या तपासणीच्या कागदावर "पुन्हा तपासावे" असा शेरा आहे. पुन्हा तपासल्याचा कागद नाही. मूल बोलत नाही म्हणून स्पीच थेरपी चालू आहे, आणि त्याला ऐकू येतं का हे कोणालाच माहीत नाही.

आता तुझ्या सबबी. तू नंतर बाहेर जाऊन मैत्रिणीला सांगण्यापेक्षा मीच सांगते.

वेळ नव्हता. खरं आहे, 14 फाइल्सना साडेतीन तास पुरत नाहीत. मग चार वाचायच्या होत्या आणि मला सांगायचं होतं, "ताई, चारच झाल्या." मी रागावले असते का? चार झाल्या म्हणायला लाज वाटली, आणि 14 न वाचता झाल्या म्हणायला वाटली नाही?

लिहिणारी दुसरी, मी फक्त तपासणारी. अगं, म्हणूनच तर! तिने चूक केली तर तुझ्या हाती सापडेल. तू डोळ्यांवर कातडं ओढलंस तर कोणाच्या हाती सापडणार?

टीचर्स दुखावतात. हे मात्र तू मनापासून म्हणतेस, मी पाहिलंय. दोन वर्षांपूर्वी एकीला तू तिची चूक दाखवलीस, ती रडली, आणि तेव्हापासून तू मऊ झालीस. पण विचार कर. जिची चूक मेमध्ये कळली असती तिला ती जूनमध्ये सुधारता आली असती. तिला तू सप्टेंबरपर्यंत अंधारात ठेवलंस. आता राज्याच्या तपासणीत ती सगळ्यांदेखत पकडली जाईल. ही कसली माया? शिक्षिकांना रागावू नकोस, बाई. चूक दाखव, त्याच आठवड्यात दाखव, शेजारी बसून दाखव, आणि तिला विचार की हे झालं कसं. बहुतेक वेळा उत्तर माणसात नसतं. दुभाष्या मागायचा फॉर्म कुठे आहे हेच तिला कोणी सांगितलेलं नसतं. उन्हाळ्यात बैठकी कोणी घ्यायच्या हे ठरलेलं नसतं. ते तुझ्या तक्त्यात आलं असतं तर मी वरच्यांशी भांडले असते. तू मला हिरवे रकाने दिलेस. त्यांचं मी काय करू?

मागच्या वर्षी पास झालो होतो. मागच्या वर्षी ज्या फाइल्स उचलल्या गेल्या त्यांत आपलं नशीब होतं. शितावरून भाताची परीक्षा होते खरी, पण शीत आपणच निवडून द्यायचं नसतं. तू यंदाही निवडल्यास ना, नीट लावलेल्या, जुन्या केस मॅनेजर्सच्या? तरी त्यात हे निघालं.

आणि काल जाता जाता तू जे हळूच विचारलंस, त्याबद्दल आता. "ताई, एखादी तारीख जरा मागेपुढे असेल तर राज्याचे लोक यायच्या आत आपण नीट करून घेऊ का?"

नाही. कधीही नाही. हे वाक्य या खोलीत पुन्हा उच्चारायचं नाही.

उशीर झाला तर उशीर झाला असं लिही. 8 सप्टेंबरची बैठक 8 सप्टेंबरचीच राहील, आपण सगळे मेलो तरी. तारीख बदललीस की त्या मुलाचे 75 दिवस पुसले जातात. मग त्याला त्या दिवसांची भरपाई मागायला काही उरत नाही. चूक झाल्याचा पुरावा नष्ट केलास तर चूक सुधारत नाही, फक्त मूल गप्प होतं. उशिराची फाइल मी समजू शकते. खोटी फाइल मी समजून घेणार नाही, आणि तुझ्यासाठी तर अजिबात नाही.

सुधारणं म्हणजे काय हे 2023 च्या जुलैमध्ये केंद्राच्या विशेष शिक्षण कार्यालयाने पुन्हा एकदा ठणकावून सांगितलंय. आधी त्या एका मुलाचं नीट करा, उशिरा का होईना. मग नव्या फाइल्स काढा आणि दाखवा की आता तीच चूक एकाही फाइलमध्ये होत नाही. एकाही नाही, म्हणजे 100 टक्के. आणि हे लवकरात लवकर, फार तर एका वर्षात. आपण काय करतो? जी फाइल सापडली तिला ठिगळ लावतो आणि पुढच्या वर्षी त्याच जागी पुन्हा फाटतं. पहिले पाढे पंचावन्न.

तुला वाटत असेल मी उगाच कडक वागते. माझ्या हातून एक फाइल सुटली होती, म्हणून वागते. नोकरीला लागून तीनच वर्षं झाली होती. एका मुलीच्या आयईपीत आठवड्याला दोनदा 30 मिनिटं स्पीच होतं. कागद अप्रतिम, एक स्वल्पविराम चुकलेला नाही. मी खूण केली. थेरपिस्टची नोंदवही मागितली नाही, ती वेगळ्या कपाटात असायची. जूनमध्ये आई आली. म्हणाली, मुलगी जानेवारीपासून थेरपीला गेलेलीच नाही. मी कपाट उघडलं. जानेवारीपासून पानं कोरी. थेरपिस्ट नोकरी सोडून गेली होती, जागा भरली नव्हती. पाच महिने. त्या वयातले पाच महिने. त्या बाईंनी आवाज चढवला नाही. फक्त विचारलं, तुम्ही तपासता ना? मला आजही उत्तर देता येत नाही.

म्हणून मी आयईपीच्या शेजारी नोंदवही ठेवल्याशिवाय फाइल बंद करत नाही. तूही करायची नाहीस. यापुढे दिवसाला तीन फाइल्स, चौथी उघडायची नाही. पहिल्या पानापासून, तारखेच्या क्रमाने. सॉफ्टवेअरने मोजलेले दिवस आधी बघायचे नाहीत, कॅलेंडर पुढे घेऊन स्वतः मोजायचे, मग ताडायचे. वाचून झाल्यावर फाइल मिटायची आणि मला पाच वाक्यांत सांगायचं की हे मूल कोण आहे, त्याला काय येतं, काय येत नाही, आपण काय देतो आणि ते पुरतं का. सांगता आलं नाही तर एकतर फाइल वाईट आहे किंवा तू वाचलेली नाहीस. दर पाचवी फाइल मी पण वाचणार, तुझे शेरे न बघता. मग दोघींचे कागद समोरासमोर ठेवायचे. जिथे जुळणार नाही तिथे वाद घालायचा. मला हरवलंस तर मला आनंद होईल. आणि फाइल्स तू निवडायच्या नाहीत, यादीतून मी काढीन. नव्या शिक्षिकांच्या, बदली झालेल्यांच्या, उन्हाळ्यात वाढदिवस असलेल्यांच्या आधी.

या कामाला तुझ्याइतकी लायक दुसरी कोणी मला गेल्या दहा वर्षांत भेटली नाही. नियम तोंडपाठ, नजर तीक्ष्ण, मुलांची खरी ओढ. म्हणूनच कालचा तक्ता बघून माझं डोकं फिरलं. ज्याला येत नाही त्याला मी शिकवते. ज्याला येतं आणि जो करत नाही, त्याचं काय करायचं असतं ते तूच सांग.

रडायचं असेल तर पाच मिनिटं रड, मग तोंड धुऊन ये. तो तक्ता मी फाडलेला नाही. तुझ्या सहीसकट माझ्या खणात आहे आणि तिथेच राहील. नवा तक्ता कोऱ्या कागदावर सुरू कर.

पण आधी सातवी फाइल. त्या केस मॅनेजरला खाली बोलाव, तिला पान 4 आणि पान 12 शेजारी ठेवून दाखव. विलंबाच्या कारणाची दुरुस्ती आजच्या तारखेने, आजच्या सहीने, आधीची नोंद न खोडता. मराठी जाणणाऱ्या स्पीच थेरपिस्टसाठी अर्ज आजच जाईल, नाहीच मिळाली तर प्रशिक्षित दुभाष्या. तो दुभाष्या तू नाहीस, तू फाइल तपासणारी आहेस. नव्या तपासणीच्या वेळी आजीला बोलवायचं, आणि 75 दिवसांची भरपाई काय द्यायची यासाठी टीमची बैठक या महिन्यात लावायची.

आणि आईला फोन. केस मॅनेजर लावेल, तू तिच्या शेजारी बस. माफी कोणत्या शब्दांत मागायची ते मी सांगणार नाही, तुला येतं. पहिलं वाक्य मराठीत बोल. 3 जूनपासून ती उत्तराची वाट बघते आहे.